व्यास दीडपट, हिशेब सव्वादोनपट
वर्तुळाचे क्षेत्रफळ : सूत्र सर्वांना पाठ, अंदाज मात्र अनेकांचा चुकतो

प्रतिनिधी

वीस फूट व्यासाची विहीर चाळीस फूट खोल खणायची ठरली आहे. ऐनवेळी घरातील कोणीतरी सुचवतो, की एवढा खर्च करतोच आहोत तर व्यास तीस फूट ठेवू. कंत्राटदाराशी बोलणी सुरू होतात आणि ‘विहीर दीडपट मोठी झाली, तेव्हा पैसेही दीडपट’ असा सौदा होतो. शेतकरी आणि कंत्राटदार दोघेही प्रामाणिक असतील, तरी या सौद्यात एकाचे मोठे नुकसान ठरलेले आहे.

हिशेब करून पाहू. खोदकाम, मुरूम, वाळू यांचे मोजमाप आपल्याकडे ब्रासमध्ये होते; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वीस फूट व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस फूट भरते. चाळीस फूट खोलीला साधारण १२६ ब्रास माती-दगड निघेल. तीस फूट व्यासाला क्षेत्रफळ ७०७ चौरस फूट होते आणि काम होते २८३ ब्रासचे. दीडपटीच्या समजुतीने कंत्राटदाराने १८९ ब्रास गृहीत धरले होते. म्हणजे सुमारे ९४ ब्रास खोदकाम त्याला पदरमोड करून करावे लागणार, किंवा काम अर्धवट टाकून निघून जावे लागणार. (खणून बाहेर आलेला मुरूम सैल होऊन फुगतो, ही गोष्ट निराळी. येथे केवळ खड्ड्याचा विचार केला आहे.)

वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या नव्हे, तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, एवढीच काय ती गोम. दीडचा वर्ग सव्वादोन. शाळेत ‘पाय आर स्क्वेअर’ घोकलेला मनुष्यही व्यवहारात हा वर्ग विसरतो, कारण डोळ्यांना दिसते ती रुंदी. क्षेत्रफळ असे दिसत नाही.

शहरी वाचकाला विहिरीशी कर्तव्य नसेल, तर त्याने पिझ्झाकडे पाहावे. आठ इंची दोन पिझ्झे आणि बारा इंची एक, यांत जास्त काय? दोन या आकड्याला मन भुलते. प्रत्यक्षात आठ इंची दोन पिझ्झ्यांचे क्षेत्रफळ मिळून शंभर चौरस इंचांच्या आसपास भरते आणि बारा इंची एकट्याचे ११३. गृहनिर्माण संस्थेत पाण्याच्या जोडणीवरून वाद होतो तेव्हाही हेच. एक इंची पाइप अर्ध्या इंचीच्या दुप्पट पाणी देईल असे सभेत बोलले जाते. पण त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट असते. शिवाय मोठ्या नळात भिंतींचे घर्षण तुलनेने कमी जाणवत असल्याने तेवढ्याच दाबाला पाणी चौपटीहूनही अधिक येते.

चौरसातून वर्तुळाकडे

सूत्र क्षणभर बाजूला ठेवून वर्तुळाचा नुसता अंदाज करायचा झाला, तर चौरसाचा आधार घ्यावा. वर्तुळाला बाहेरून चारही बाजूंनी स्पर्श करील असा चौरस काढला, तर त्याची बाजू व्यासाइतकी असते. वर्तुळाच्या आत मावणारा मोठ्यात मोठा चौरस काढला, तर तो या बाहेरच्या चौरसाच्या बरोबर निम्मा भरतो. वर्तुळ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. आतल्या चौरसाऐवजी समान बाजूंची द्वादशभुजाकृती काढली, की तिचे क्षेत्रफळ बाहेरच्या चौरसाच्या नेमके पाऊणपट येते. वर्तुळ तिच्याहून थोडे मोठे असणार हे उघडच आहे. नेमका आकडा आहे ०.७८५४, म्हणजे पायचा चौथा हिस्सा. अपूर्णांकात १४ पैकी ११ भाग धरले तरी चालते. तोंडी हिशेबासाठी व्यासाचा वर्ग करावा, त्याचा पाऊण भाग घ्यावा आणि वर थोडे चढवावे. वीस फुटांच्या विहिरीसाठी चारशेचे पाऊणपट तीनशे. खरे उत्तर ३१४. बाजारात उभ्या उभ्या एवढा अंदाज पुरेसा ठरतो.

चौरसाचा हा आधार फार जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात असलेला ‘ऱ्हिंड पपायरस’ हा इजिप्शियन दस्तऐवज इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आह्मेस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतला. त्यात नऊ एकक व्यासाच्या गोल शेताचे क्षेत्रफळ काढले आहे. रीत अशी, की व्यासातून त्याचा नववा हिस्सा वजा करावा आणि उरलेल्याचा वर्ग करावा. नवातून एक गेला, आठ उरले, आठाचा वर्ग चौसष्ट. आजच्या हिशेबाने उत्तर ६३.६२ येते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही चूक एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि शेतसारा आकारायला ती कोणाच्या डोळ्यांवर आली नसावी.

आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात निराळा मार्ग धरला. वर्तुळाचे क्षेत्रफळ हे एका काटकोन त्रिकोणाइतके असते, ज्याच्या काटकोनाच्या एका बाजूची लांबी त्रिज्येइतकी आणि दुसरीची परिघाइतकी असते, हे त्याने सिद्ध केले. मग परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर शोधण्यासाठी वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पून त्याने ते दोन मर्यादांमध्ये कोंडले. ते २२३/७१ पेक्षा मोठे आणि २२/७ पेक्षा लहान आहे. आपण शाळेत ‘पायची किंमत’ म्हणून जी २२/७ शिकतो ती वस्तुतः त्याची वरची मर्यादा आहे. पाय तिच्याहून किंचित लहानच असतो, ही बाब वर्गात सांगितली गेली तर मुलांचे काही बिघडणार नाही.

नांदगावच्या गणेश दैवज्ञांची युक्ती

भारतीय परंपरेत आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास परिघाचा अर्धा आणि व्यासाचा अर्धा यांचा गुणाकार म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ, असा स्वच्छ नियम दिला. वीस हजार व्यासाला ६२,८३२ परीघ, हे प्रमाणही त्याने सांगितले आणि ते ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचे आहे असे नमूद केले. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त दोन प्रमाणे शेजारी शेजारी येतात. सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, आणि व्यवहारासाठी स्थूल असे २२/७. कोणत्या कामाला किती बारकावा लागतो याचे भान त्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला.

नियम मिळाला, तरी तो खरा का, हा प्रश्न उरतो. त्याचे अत्यंत सोपे उत्तर महाराष्ट्रातच लिहिले गेले, आणि ते आपल्याकडे म्हणावे तितके ठाऊक नाही. कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे (आज रायगड जिल्हा, मुरूड तालुका) गणेश दैवज्ञ हे ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथामुळे पंचांगकर्त्यांना परिचित आहेत. त्यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तीत ते म्हणतात ते थोडक्यात असे : वर्तुळाचे दोन अर्ध करावेत. प्रत्येक अर्ध केंद्रापासून परिघापर्यंत कापून त्याचे हवे तितके सारखे, टोकदार भाग करावेत, मात्र परिघाकडची कड अखंड ठेवावी. मग ती कड सरळ ताणावी. दोन्ही अर्धांचे आता करवतीसारखे दातेरी पट्टे होतील. एका पट्ट्याचे दाते दुसऱ्याच्या फटींमध्ये बसवले, की आयत तयार होतो. त्याची एक बाजू त्रिज्येइतकी आणि दुसरी अर्ध्या परिघाइतकी.

घरात जाड कागद आणि कात्री असेल, तर हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. बशी ठेवून वर्तुळ काढावे, त्याचे सोळा भाग करावेत आणि ते उलटसुलट जोडावेत. सोळा भागांत आयताच्या कडा अजून लहरी दिसतात. बत्तीस केले की त्या बऱ्याच सपाट होतात. येथे एक शंका रास्त आहे. भाग कितीही लहान केले तरी कड किंचित वक्र राहणारच, मग आयत ‘नेमका’ कसा? दात्यांची संख्या वाढवत नेली की ही वक्रता कोणत्याही ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी करता येते, हे तिचे उत्तर आहे. सीमेची ही कल्पना काटेकोर भाषेत मांडायला गणिताला पुढे बराच काळ जावा लागला. पण सूत्र पटवून देण्याचे काम गणेश दैवज्ञांची ही कापाकापी करते. परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या. त्याचा अर्धा पाय गुणिले त्रिज्या. त्याला पुन्हा त्रिज्येने गुणले की झाला आपला पाय आर स्क्वेअर. सूत्रात त्रिज्या दोनदा का येते, हे ज्याने कात्रीने पाहिले, तो विहिरीचा सौदा करताना वर्ग विसरणार नाही.

त्याच टीकेत ३९२७/१२५० हे प्रमाण कसे मिळवावे याचेही विवरण आहे. वर्तुळात षट्कोन काढून त्याच्या बाजू दुप्पट दुप्पट करत ३८४ पर्यंत न्यायच्या, अशी ती पद्धत आहे.

चूक पायची नव्हे, टेपची

पायची किंमत किती दशांश स्थळांपर्यंत घ्यावी यावर विद्यार्थी आणि कधी कधी अभियंतेही डोके शिणवतात. पायच्या जागी नुसते ३ घेतले, तर क्षेत्रफळ साडेचार टक्क्यांनी कमी येते, हे खरेच नुकसानकारक आहे. २२/७ घेतले, तर चूक होते दर दहा हजारांत चार. वीस फुटी विहिरीच्या क्षेत्रफळात ती एक अष्टमांश चौरस फूट भरते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण त्याच विहिरीचा व्यास टेपने मोजताना तीन इंच जास्त धरला गेला, तर क्षेत्रफळ जवळपास आठ चौरस फुटांनी वाढते. पायच्या चुकीच्या साठपट! मापातील एक टक्का चूक क्षेत्रफळात दोन टक्के होऊन उतरते, कारण ते माप स्वतःनेच गुणले जाते. दशांश स्थळे वाढवण्यापेक्षा टेप दोनदा लावणे केव्हाही हिताचे.

टेप कसा लावला जातो यातही मौज आहे. वर्तुळाचा मध्यबिंदू खूण करून ठेवलेला नसतो. टेप मध्यातून न जाता जरा बाजूने गेला, की माप कमीच येते. कारण व्यास ही वर्तुळातील सर्वांत लांब रेषा आहे. म्हणून टेपचे एक टोक धरून दुसरे काठावरून सरकवावे आणि येणारे मोठ्यात मोठे माप घ्यावे. विहीर पुरती गोल नसून किंचित लांबट असल्याचा संशय असेल, तर सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनात असलेला व्यास अशी दोन मापे घ्यावीत, त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ०.७८५४ ने गुणावे. लंबवर्तुळासाठी हे उत्तर अचूक असते. एका दिशेने १९ आणि दुसऱ्या दिशेने २१ फूट भरणाऱ्या विहिरीचे क्षेत्रफळ असे ३१३ चौरस फूट येते. केवळ २१ चे माप धरून बिल काढले, तर ते ३४६ होते. मोजमाप-पुस्तिकेत एकच व्यास लिहिलेला दिसला, तर तो कोणत्या दिशेचा, हे विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला आहे.

झाडाच्या खोडाला आरपार टेप लावता येत नाही. तेथे घेर मोजतात. आपल्याकडे वनखात्यात हा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीशी घेण्याची पद्धत आहे. घेरावरून क्षेत्रफळ काढण्याची रीत सोपी आहे. घेराचा वर्ग करावा आणि त्याला १२.५७ ने, म्हणजे पायच्या चौपटीने भागावे. २२० सेंटिमीटर घेराच्या खोडाचा छेद सुमारे ३,८५० चौरस सेंटिमीटर येतो. मात्र येथील चूक नेहमी उलट्या बाजूची असते. ठरावीक लांबीच्या दोरीने वेढता येणारी सर्वांत मोठी जागा म्हणजे वर्तुळ, हा भूमितीचा नियम आहे. खोड जितके वेडेवाकडे, तितके त्याचे खरे क्षेत्रफळ या उत्तरापेक्षा कमी. वडासारख्या झाडाला हे सूत्र लावणे म्हणजे निव्वळ आशावाद.

वखारीतला ‘चौथा हिस्सा’

लाकडाच्या व्यापारात मात्र एक वेगळेच सूत्र चालते, आणि बांधावरचे सागाचे झाड विकणाऱ्याने ते समजून घेतलेच पाहिजे. ओंडक्याच्या मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट घेर आणि दहा फूट लांबीचा ओंडका असेल, तर चाराचा चौथा हिस्सा एक, एकाचा वर्ग एक, गुणिले दहा, म्हणजे दहा घनफूट. तोंडी हिशेब, कागद-पेन्सिलीची गरज नाही.

पण त्या ओंडक्यात खरे लाकूड किती असते? घेराचा वर्ग सोळा, भागिले १२.५७, गुणिले दहा : १२.७३ घनफूट. म्हणजे कागदावर येणारे माप खऱ्या मापाच्या ७८.५ टक्केच असते. साडेएकवीस टक्के लाकूड मोजलेच जात नाही. ‘चौथा हिस्सा’ सूत्राचा अर्थ असा, की ओंडक्याइतकाच घेर असलेला चौरस खांब कल्पायचा आणि त्याचे घनफळ काढायचे. समान घेराचा चौरस वर्तुळापेक्षा लहान असतो. चौरसात बसवलेल्या वर्तुळाचा जो ०.७८५४ हा हिस्सा आपण वर पाहिला, तोच येथे पुन्हा समोर येतो.

याला सरसकट फसवणूक म्हणणे योग्य होणार नाही. गोल ओंडक्यातून चौकोनी फळ्या कापताना साल आणि कडेचे लाकूड वाया जाते, त्याची सूट या सूत्रात आधीच धरलेली आहे. दोन्ही बाजूंना ते माहीत असेल आणि दर त्यानुसार ठरला असेल, तर व्यवहार चोख आहे. नुकसान होते ते दोन प्रसंगी. एक, दर खऱ्या घनफुटांचा ऐकलेला असतो आणि मोजणी चौथ्या हिश्श्याने होते. दुसरा, सुटीचे सूत्र वापरल्यानंतर ‘सालीसाठी’ म्हणून पुन्हा इंच-दोन इंच घेर कमी लिहिला जातो. चार फुटी घेरातून दोन इंच कमी केले, की घेर चार टक्क्यांनी आणि माप आठ टक्क्यांनी घटते. विकणाऱ्याने बोलणी करण्यापूर्वी एवढेच विचारावे, की घनफूट कोणत्या सूत्राचा?

चौकटी मोजून

सूत्र अजिबात न वापरता क्षेत्रफळ काढण्याची एक रीत शाळेत आलेख-कागदावर शिकवतात. वर्तुळ काढायचे, आतील पूर्ण चौकटी मोजायच्या, अर्ध्याहून मोठ्या कापलेल्या चौकटी एक धरायच्या आणि लहान सोडून द्यायच्या. तलावाचा, जुन्या नकाशावरील शेताचा किंवा कोणत्याही अनियमित आकाराचा अंदाज याच रीतीने करता येतो. याचीच एक आवृत्ती वजनाची आहे. आकार पुठ्ठ्यातून कापून काढायचा आणि त्याचे वजन ज्ञात क्षेत्रफळाच्या तुकड्याशी ताडून पाहायचे. चालत्या चाकाच्या कडेवरील बिंदू जो वक्र आखतो, त्या चक्रजाखालचे क्षेत्रफळ शोधताना खुद्द गॅलिलिओने ही युक्ती वापरली होती. तिसरी आवृत्ती नशिबाची. चौकोनी ट्रेमध्ये बसेल एवढे वर्तुळ काढून त्यावर तांदळाचे दाणे विखरायचे आणि वर्तुळात किती पडले ते मोजायचे. शंभरातले सुमारे ७८-७९ आत पडावेत. पण ही पद्धत मंद आहे. दहा हजार दाणे मोजल्यानंतरही उत्तरात साधारण अर्धा टक्का डळमळ राहते, तेव्हा हे काम संगणकाकडे सोपवलेले बरे.

चौकटी मोजण्याच्या बालबोध रीतीत मात्र गणितातील एक न सुटलेला प्रश्न दडला आहे. वर्तुळाचा मध्य एका चौकटीच्या मध्यावर ठेवावा आणि ज्या चौकटींचा मध्य वर्तुळात किंवा त्याच्या कडेवर येतो तेवढ्याच मोजाव्यात. त्रिज्या दहा चौकटी असेल तर मोजणी ३१७ येते. खरे क्षेत्रफळ ३१४.१६. त्रिज्या वीस केली की मोजणी १,२५७ आणि क्षेत्रफळ १,२५६.६४, जवळजवळ तंतोतंत. त्रिज्या तीसला मोजणी २,८२१, क्षेत्रफळ २,८२७.४, म्हणजे सहाचा फरक. शंभरला मोजणी ३१,४१७ आणि क्षेत्रफळ ३१,४१५.९. फरक कधी अधिक, कधी उणा, कधी मोठा, कधी नगण्य. त्यात नियम दिसत नाही.

हा फरक जास्तीत जास्त किती वाढू शकतो? चूक केवळ कडेवरच्या चौकटींत होते, म्हणून ती त्रिज्येच्या प्रमाणापलीकडे जाणार नाही, हे गाउसने एकोणिसाव्या शतकात दाखवले. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळच कमी असते. ब्रिटिश गणितज्ञ हार्डी आणि जर्मन गणितज्ञ लांडाउ यांनी १९१५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले, की ती त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणाहून कायमची कमी राहू शकत नाही. वर्गमुळाहून ती फारशी वरही जात नसावी, असा गणितज्ञांचा कयास आहे. वर्गमूळ म्हणजे घातांक ०.५. मार्टिन हक्स्ली यांनी २००३ मध्ये हा घातांक १३१/२०८ पर्यंत, म्हणजे साधारण ०.६३ पर्यंत खाली आणला. त्यानंतरच्या सुधारणा तिसऱ्या दशांश स्थळावर चालल्या आहेत, आणि ०.५ पर्यंतचे उरलेले अंतर अद्याप कोणाला कापता आलेले नाही.